पाचूबेटाची सुभेदारी

पाचूबेटावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं ते कशासाठी झालं याबद्दल कुणाच्या मनात शंका नको. बेटाची सुभेदारी मिळणार होती. नंतर उतरणाऱ्या प्रत्येकानं सुभेदाराला मुजरा केल्याशिवाय बेटावरचं पाणी प्यायचं नाही, असा नियम होता. शिवाय एक पाचूची अंगठी. ती बोटात असली की वादळ आपल्याला ओळखतं आणि बाजूनं निघून जातं.

ही सगळी मिळकत रणधीर नावाच्या वीराची. रणधीर म्हणजे मीच. मी, मधु गुप्ते, वय त्रेचाळीस, सरकारी खात्यात लेखापरीक्षक, राहणार खाडीदर्शन सोसायटी, डोंबिवली पश्चिम. या सोसायटीच्या एकाही खिडकीतून खाडी दिसत नाही. पण ती जवळ आहे हे ओहोटीच्या वेळी वासावरून कळतं, त्यामुळे नावाबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

शहाण्णव सालची गोष्ट. कल्याणला प्रभाकर वैद्य नावाचे तंत्रनिकेतनातले एक अधिव्याख्याते होते. त्यांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरला टेलिफोन जोडून 'कट्टा' नावाचा एक प्रकार सुरू केला होता. आपण आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून मोडेम लावून त्यांचा नंबर फिरवायचा. मोडेम आधी पिसाळल्यासारखा किंचाळायचा, मग शांत व्हायचा आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. तिथे निरोप ठेवता यायचे आणि प्रभाकरनं स्वतः रचलेला एक खेळ खेळता यायचा. खेळात चित्र एकही नाही, नुसती वाक्यं. 'तू जंगलात उभा आहेस. उत्तरेला वाट आहे.' आपण 'उत्तर' असं टंकायचं की रणधीर उत्तरेला जायचा. खेळाची भाषा इंग्रजी होती, पण ती कल्याणात विचार करून लिहिलेली असल्यामुळे समजायला अडचण नव्हती. एका वेळी एकच जण आत जाऊ शकायचा. प्रभाकरच्या वडिलांना नऊनंतर फोन लागायचा, म्हणून कट्टा सकाळी सहा ते नऊ. एकंदर अठ्ठावीस सभासद. त्यांत कल्याणचे एक दंतवैद्य होते, त्यांच्या वीराचं नाव वज्रबाहू. माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालतो आणि सकाळी वज्रबाहू होतो, याची मला गंमत वाटायची. मी सकाळी कोण होतो, याची वाटत नसे.

मार्चअखेर प्रभाकरनं जाहीर केलं की खेळाला नवा प्रदेश जोडला जात आहे. समुद्रापलीकडे पाचूबेट. मेच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता खुलं. प्रवेशाच्या अटी अशा, की वीर दहाव्या पायरीवर पोचलेला हवा, स्वतःची होडी हवी, चाळीस दिवसांची शिधासामग्री हवी आणि होडीवर नोंदलेला तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, हवा.

रणधीर तेव्हा सहाव्या पायरीवर होता. या सहा पायऱ्या तो एकाही लढाईशिवाय चढला होता. एका गावचा निरोप दुसऱ्या गावाला पोचवला की थोडं पुण्य जमा व्हायचं, ते मी साठवत गेलो होतो. वज्रबाहूच्या अंगावर सतरा जखमा होत्या, रणधीरच्या अंगावर ओरखडा नव्हता, कारण तो युद्धाला गेलाच नव्हता. पण निरोप पोचवून दहावी पायरी गाठायला, माझ्या हिशेबानं, पुढचा डिसेंबर उजाडला असता. म्हणजे आता राक्षस मारणं भाग होतं. मी बायकोला, प्रमोदिनीला, हे सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आधी मोरीतलं झुरळ मारा. हात बसेल."

आता टेलिफोनबद्दल सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे. खाडीदर्शनमध्ये बारा बिऱ्हाडं आणि फोन एक. माझा. सात वर्षं रांगेत राहून मिळवलेला. त्यामुळे उरलेल्या अकरा बिऱ्हाडांचा नंबर म्हणजे माझाच नंबर, पुढे 'पीपी' लिहून. तो लग्नपत्रिकांवर छापला होता, नोकरीच्या अर्जांत होता, दवाखान्याच्या कागदांवर होता. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ चित्रे यांना वर्षाकाठी दोनसुद्धा फोन येत नसत, पण त्यांनी तो नंबर आपल्या शिक्क्यातच कोरून घेतला होता. फोन आला की माझ्या घरातलं कुणीतरी जिन्यात जाऊन हाक मारायचं आणि ज्याचा फोन तो धावत यायचा.

स्वभावाला औषध नाही, म्हणून मी फोनची वही ठेवली होती. तारीख, वेळ, कुणाचा, कुणासाठी, हाक कुणी मारली, असे पाच रकाने. या वहीवरून मला सोसायटीचं जे ज्ञान झालं ते कुठल्याही दप्तर-तपासणीत झालं नसतं. कोण सासरचा फोन असला की पायऱ्या मोजत चढतो, कोण माहेरचा असला की चप्पल विसरतो, हे मला तोंडपाठ होतं. माणसं ओळखण्यात मी चुकत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

तळमजल्यावर गोमाजी कोळी आणि त्यांची बायको आवडाबाई राहत. मूळचे मोठागावचे. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती, तिच्या बदल्यात त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली, आणि गोमाजींची होडी रेतीबंदरावर पालथी पडून राहिली. मुलगा महिपत मालवाहू जहाजावर खलाशी होता. दर दोन-तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, त्याचा फोन यायचा. त्याच्या फोनला हाक मारावी लागत नसे. रविवारी आवडाबाई आमच्या उंबऱ्याशी आधीच येऊन बसलेल्या असत.

तर तयारी. मी सरकारी माणूस. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायला परवानगी लागते असं कुणीतरी सांगितलं आणि माझी झोप उडाली. दोन महिने आपण बेकायदा निरोप पोचवत हिंडत होतो, ही कल्पनाच सहन होईना. अर्ज केला. टेलिफोनच्या कचेरीतल्या बाईंनी तो वाचला आणि 'प्रयोजन' या रकान्यात काहीच नाही म्हणून परत दिला. मी बराच विचार करून 'नौकानयन' असं लिहिलं. खोटं लिहिणं माझ्यानं होत नाही.

बाई म्हणाल्या, "नौकेचं बंदर खात्याकडे."

मी सांगितलं, नौका खरी नाही. त्या म्हणाल्या, खरी नाही तर परवानगी कशाची मागताय. एरवी असे मुद्दे मी काढतो आणि लोकांकडे उत्तर नसतं. शेवटी त्यांनी विचारलं की या फोनवर पीपी किती जण आहेत. मी अभिमानानं अकरा म्हणालो. मग त्यांनी अकरांचं ना-हरकत पत्र आणायला सांगितलं. पुढे माझा अर्ज कुठल्या कपाटात विसावला ते आजतागायत कळलेलं नाही, पण त्या ना-हरकत पत्रापायी जे व्हायचं ते झालं. भाऊ चित्र्यांनी सभा बोलावली.

सभेत विषय पाण्याच्या टाकीच्या आधी घेतला गेला, यावरून त्याचं महत्त्व लक्षात यावं. भाऊंनी प्रस्तावना करताना 'श्री. गुप्ते होडी बांधत असून' असं वाक्य वापरलं. मी उभा राहून ती होडी अक्षरांची आहे असा खुलासा केला, तेव्हा मागून कुणीतरी शिधा पण अक्षरांचाच का, असं विचारलं. मग सल्ले सुरू झाले. चाळीस दिवसांच्या शिध्यात तांदळापेक्षा पोहे घ्या, सरपण वाचतं. लिंबाचं लोणचं विसरू नका. रणधीर हे नाव पाण्याला धार्जिणं नाही, बदलता येतं का बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विमा सुचवला. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना हा खेळ म्हणजे माझ्या डोक्यावरचा परिणाम वाटत होता, तेच रणधीरला किती नारळ लागतील यावर भांडत होते. शेवटी ठरलं की सकाळी सहा ते पावणेआठ फोन गुप्त्यांचा, त्यानंतर सोसायटीचा. भाऊंनी तसं वेळापत्रक टंकून, शिक्का मारून, माझ्याच दारावर चिकटवलं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मी राक्षस मारले. कसे, ते विचारू नका. लोक तलवारीनं मारतात. मी त्यांना दलदलीत नेऊन सोडत असे आणि ते आपोआप मरत. रणधीर दहाव्या पायरीवर पोचला. आता होडी. खेळात होडी विकत मिळत नसे, बांधावी लागे; लाकूड कुठलं, लांबी किती, शिडं किती, तळाला डांबर का तेल, एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचं. त्या रविवारी आवडाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या आणि गोमाजी त्यांना न्यायला वर आले होते. मी पडद्यावरचे प्रश्न मोठ्यानं वाचत होतो, ही माझी सवय. लांबी वीस हात, शिडं दोन, असं मी म्हणालो, आणि मागून आवाज आला, "बुडंल."

मी वळून बघितलं.

"येवड्याशा होरीला दोन शीरं लावता? बुडंल, सायेब. उठा."

मी उठलो. माझ्या खुर्चीतून मला आजवर फक्त मेहुण्यानं उठवलं होतं, ते पण कॉम्प्युटर आणून ठेवण्यापुरतं. गोमाजींना वाचता येत नव्हतं, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि ते म्हणतील ते मी टंकायचं. तीन आठवडे रोज सकाळी हा उद्योग चालला. मी डोलकाठी मध्यावर घातली होती, ती त्यांनी पुढे नेली. तळाला तेल लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. एकदा लाकडाच्या यादीत साग नव्हता म्हणून ते दिवसभर प्रभाकरवर चिडून होते. "त्या मास्तरला सांगा, आंब्याच्या फल्यांवर लगीन लागतं, होरी नाय." रेतीबंदरावर त्यांची खरी होडी पालथी पडली होती. तिच्याकडे ते बघायलाही जात नसत, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर, फुकट तांडेल मिळतोय, हेच तेव्हा डोक्यात होतं.

तांडेल म्हणून त्यांचंच नाव नोंदवलं. त्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. एक, होडीवर तांडेल एकच. किनारा सुटला की तो म्हणेल ते. दुसरी अट प्रमोदिनीला उद्देशून होती. होडी पाण्यात असताना घरच्यांनी मागून हाक मारायची नाही. बायकोनं तर नाहीच. हाक मारली की होडी माघारी येते, आणि माघारी येते ती सरळ येतेच असं नाही.

प्रमोदिनी म्हणाली, "चहा झाला एवढं तरी सांगू ना?"

"नाय, वैनी. च्या निवू दे."

मी हसलो. आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या जुन्या, घरातल्या गोष्टीला हलवतात तशी.

शेवटच्या आठवड्यात महिपतचं पत्र आलं. पत्रं मीच वाचून दाखवायचो. लिहिलं होतं की करार संपतोय. कंपनी म्हणते, अजून अकरा महिन्यांची सही कर नाहीतर घरी जा. 'बाबाला विचारू नका, तो सही कर म्हणेल. आयेला विचारा. मेच्या पहिल्या रविवारी आमचं जहाज पूर्वेकडच्या एका बंदरात असेल. तुमचे सकाळचे आठ वाजले की गुप्तेसाहेबांकडे फोन करतो. आये ये म्हणाली तर येतो, नारळीपुनवेला घरी असेन. नाहीतर सही करतो.'

मी आवडाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "एकच सबूद तं बोलायचाय." आणि तो शब्द त्यांनी तिथे, आमच्यासमोर, उच्चारला नाही. फोनसाठी जपून ठेवला.

पहिला रविवार म्हणजे पाचूबेटाचा रविवार, हे लगेच माझ्या लक्षात आलं. लेखापरीक्षकाचं डोकं आहे. मी कागदावर मांडणी करून गोमाजींना समजावून दिली. सात वाजता निघायचं, प्रभाकरच्या म्हणण्याप्रमाणे वाट अर्ध्या तासाची, फार तर पावणेआठला उतरायचं, वर पंधरा मिनिटं शिल्लक. आठला फोन मोकळा. यात चूक कुठे आहे ते मला दाखवा. मी त्या कागदावर दोनदा खूण करून, तपासून बरोबर, असं लिहिलं होतं.

रविवारी पावणेसातला गोमाजींनी मॉनिटरसमोर नारळ वाढवला. पाणी कळफलकात जाऊ नये म्हणून प्रमोदिनीनं खाली परात धरली. सातला मी नंबर फिरवला. एंगेज. अठ्ठावीस सभासद आणि तार एक. बाकीचे सत्तावीस त्याच क्षणी तेच करत होते, ही गोष्ट माझ्या कागदात नव्हती. मी फिरवत राहिलो. फोनच्या काळ्या डब्यातून 'टुक-टुक-टुक' ऐकत पस्तीस मिनिटं गेली. पावणेआठ वाजायच्या आत नाही लागला तर सोडून द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. सात छत्तीसला मोडेम किंचाळला.

'तू धक्क्यावर उभा आहेस. समोर समुद्र. वारा पाठीशी आहे. एकदा निघालास की तार तुटली तर होडी बुडेल.' मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यसुद्धा वाचलं. गोमाजी स्टुलावर माझ्या पाठीशी बसले होते, उजवा हात हवेत, सुकाणू धरल्यासारखा.

"शीर सोरा," ते म्हणाले.

मी टंकलं आणि आम्ही निघालो. एक खडक लागला, तो त्यांनी डावीकडून घ्यायला लावला. एक धुकं आलं, त्यात त्यांनी वाऱ्याची दिशा तीनदा विचारली. माझ्या आयुष्यात मी इतक्या नीट कुणाचं ऐकलेलं नाही. सात त्रेपन्नला पडद्यावर आलं: 'बेट दिसत आहे. मुखाशी वाळूचा दांडा आहे. पाणी ओसरत आहे.'

गोमाजींनी डोळे उघडले. "नांगर टाका."

"नाखवा, आठ वाजत आले."

"ओहोटीला दांड्यावरनं होरी घालनारा तांडेल नाय, खाटीक. पानी चरू दे."

मी टंकलं. 'नांगर टाकला आहे,' असं उत्तर आलं. आणि मग काहीच नाही. हिरवी चौकट लुकलुकत राहिली. आम्ही दोघे, डोंबिवली पश्चिमेत, दुसऱ्या मजल्यावर, नांगर टाकून भरतीची वाट बघत बसलो, आणि फोनची तार चालू.

आठला पाच कमी असताना आवडाबाई वर आल्या. ठेवणीतलं लुगडं, कपाळभर कुंकू, डोक्यात अबोलीचा वळेसर. फोनवर यातलं काय दिसणार, असं माझ्या मनात आलं, आणि ते चुरचुरीत वाटलं म्हणून नंतर प्रमोदिनीला सांगायचं मी लक्षातही ठेवलं. त्या उंबऱ्याशी बसल्या. मी वळून म्हणालो, "झालंच, आवडाबाई. दोन मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे, मग त्याच्या हवेतल्या हाताकडे. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. मी दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांचं तोंड किंचित उघडून पुन्हा मिटलेलं दिसलं. मला वाटलं, जांभई. बिचाऱ्या लवकर उठल्या असतील. प्रमोदिनीनं चहा केला होता, तोही तिनं नियमाप्रमाणे न बोलता त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर साय धरली.

आठ वीसला मी हळूच विचारलं, ठेवू का फोन. गोमाजींचं लक्ष पडद्यावरच होतं, त्यांना न वाचता येणाऱ्या अक्षरांवर. ते म्हणाले, "आता? बेट त्या तिथं हाय." आणि मी खरं सांगतो, त्यांनी हो म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. मुजरा डोळ्यांसमोर होता. दंतवैद्य मुजरा करतोय असा.

साडेआठला त्यांच्या अंदाजानं पाणी चढलं. नांगर उचलला. दांडा ओलांडला. आठ एक्केचाळीसला अक्षरं आली: 'रणधीर पाचूबेटावर उतरला आहे. सुभेदार रणधीरचा विजय असो.' गोमाजींनी हात खाली घेतला, बोटं चोळली आणि वळले. मी तार सोडली, रिसीव्हर जागेवर ठेवला. आठ त्रेचाळीस.

आम्ही चौघं त्या काळ्या डब्याकडे बघत बसलो. नऊ वाजले. दहाला भाऊ चित्रे वेळापत्रकाचं पालन झालं का हे बघायला आले आणि आमचे चेहरे बघून न बसताच गेले. एकला एक फोन आला. आवडाबाई उठून उभ्या राहिल्या. रॉंग नंबर होता.

मंगळवारी मी प्रभाकरला फोन केला, कौतुक करून घ्यायला. मनात जे काही खुपत होतं त्यावर थोडं कौतुक लावलं तर बरं वाटेल, असा हिशेब. प्रभाकरनं ते केलंही. मग म्हणाला, "पण तुम्ही दांड्याशी इतका वेळ का थांबलात? मी इथे बघत होतो. मला वाटलं लाइन गेली."

मी म्हटलं, ओहोटी होती.

"छे हो. भरती-ओहोटी मी घातलीच नाहीये. ते वाक्य नुसतं शोभेला. सरळ आत यायचं."

हे मी गोमाजींना सांगितलेलं नाही. आजवर नाही.

महिपतचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. दोघांना समोर बसवून मी वाचलं. 'तुमच्या आठनंतर तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा चालू होता. मागे माणसांची रांग होती. इथल्या अकराला, म्हणजे तुमच्या साडेआठला, जहाजावर परत जायचं होतं. म्हटलं, फोन चालू आहे म्हणजे घरी सगळं ठीक आहे, कुणीतरी कुणाशी बोलतंय. सही केली. आयेला सांगा, पुढच्या वर्षी.'

गोमाजी म्हणाले, "किती येळा?"

"तीनदा."

ते उठले आणि रेतीबंदराच्या बाजूला चालत गेले. तीन आठवड्यांत त्यांनी कॉम्प्युटरचं नाव काढलं नव्हतं, पुढेही काढलं नाही.

आवडाबाई बसून होत्या. मला गप्प राहता आलं असतं. पण चूक सापडली की ती कुणाच्या सहीनं झाली हे विचारायची खोड, ती कुठे जाणार. मी विचारलं, "आवडाबाई, तुम्ही तर तिथेच होतात. आठ वाजले, एवढं म्हणायचं होतंत. हाक का नाही मारलीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. एवढी शिकलेली माणसं असं कसं विचारतात, एवढंच होतं.

"होरी पान्यात व्हती ना, सायेब."

त्या वर्षीच्या नारळीपौर्णिमेला त्यांनी खाडीवर दोन नारळ सोडले. दुसरा कुणाचा, हे मी विचारलं नाही. जूनअखेर प्रभाकरच्या वडिलांनी फोन चोवीस तास आपल्याकडे घेतला आणि कट्टा बंद झाला, पाचूबेटासकट. सुभेदारी छप्पन्न दिवस चालली. तेवढ्या काळात बेटावर दुसरा एकच माणूस उतरला, दंतवैद्य, आणि त्यानं मुजरा केला. तो मी पाहिला. 'वज्रबाहू मुजरा करत आहे,' एवढी चार अक्षरं. दात घासता घासता वाचली.

तर शेवटची गोळाबेरीज. रणधीरला सुभेदारी आणि अंगठी मिळाली. सोसायटीला दोन वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला. भाऊंना माझ्या दारावर शिक्का मारायला मिळाला. प्रभाकरला शोभेच्या वाक्याची किंमत कळली नाही, आणि मी ती त्याला सांगितली नाही. गोमाजींना तीन आठवडे होडी मिळाली. मी काय घालवलं म्हणाल तर माणसं ओळखण्याचा एक समज, जो तसाही खोटाच होता.

फोनच्या वहीत त्या रविवारच्या सकाळची ओळ कोरी होती. आलेला फोन लिहायचा असतो, न आलेल्याला वही नाही. तरी पत्र आलं त्या दिवशी मी ती भरली. कुणाचा: महिपतचा, तीन वेळा. कुणासाठी: आवडाबाई. 'हाक कुणी मारली' हा रकाना रिकामा ठेवला. मग पट्टी घेऊन शेजारी सहावा रकाना आखला, किंमत कुणी मोजली असा, आणि त्यातही त्यांचंच नाव लिहिलं. नावापुढे रक्कम, अकरा महिने.